शेरा नाही

पहिला एक तारा आला तेव्हा बॅगवालीला वाटलं, कुणाचं तरी बोट घसरलं असेल. हल्ली माणसं जेवता जेवता, जिना चढता चढता फोन दाबतात. पाचव्या ताऱ्याकडे निघालेलं बोट पहिल्यावरच टेकू शकतं. अशी मनाची समजूत घालून ती मशीनवर बसली खरी, पण तासाभरात एक पट्टा उलटा शिवून मोकळी झाली. एवढ्या वर्षांत तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

ताऱ्याखाली चार वाक्यं होती. ‘नग तपासला. अस्तर उलटून तळाची हातशिवण पाहिली. पट्टा ओढून पाहिला. शेरा नाही.’

शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. शिव्या देणाऱ्याला उत्तर देता येतं. फोटोतला रंग आणि हातातला रंग वेगळा म्हणणारे, पार्सल उशिरा पोचलं म्हणून बॅगेला नावं ठेवणारे, एवढंच काय, बॅगेत डबा सांडल्यावर ‘डाग जात नाही’ म्हणून दोन तारे कापणारी एक बाईसुद्धा तिने पचवली होती. ‘आपल्याला त्रास झाला याचं वाईट वाटतं’ असं लिहायचं, दात ओठ खायचे आणि पुढच्या बॅगेला लागायचं. पण हा गृहस्थ काही म्हणतच नव्हता. शेरा मारण्याइतकीही तुझ्या कामाची लायकी नाही, असं तोंडावर सांगून, वर एक तारा भिरकावून निघून गेला होता.

तिचं दुकान म्हणजे एका जुन्या दाराच्या फळीचं टेबल, एक मशीन, पलंगाखाली सरकवलेले कापडाचे गठ्ठे आणि फोनमधला एक चौकोन. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ती नऊ वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात होती. तिथे बायका रांगेत बसायच्या, एकीने कॉलर लावायची, दुसरीने बाही, आणि बाथरूमला जायचं तर हात वर करून परवानगी मागायची. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईने हात वर करायचा! त्या रांगेतून ती उठली ती या चौकोनाच्या जिवावर. ऑनलाइन बाजाराचा नियम मात्र कडक होता. ताऱ्यांची सरासरी सव्वाचारच्या खाली गेली की ताकीद, आणि पंधरा दिवसांत ती वर आली नाही की दुकान बंद. तिची सरासरी पावणेपाच होती. अभिप्राय सगळे मिळून तेवीस. मोठ्या दुकानांना शंभर लोक नावं ठेवोत, त्यांच्या अंगावर ओरखडा उठत नाही. हिच्यासारखीला पाच माणसं पुरतात.

आणि पाचच आली. पहिल्यामागून त्याच माणसाचा दुसरा एक तारा आला, मग तिसरा. दर वेळी नवी बॅग, दर वेळी तेच, ‘शेरा नाही.’ मध्येच आणखी दोघांनी एकेक तारा दिला, तोही मुक्याने. बॅगवालीने रीतसर उत्तर लिहिलं, “काय आवडलं नाही ते कळवलंत तर सुधारणा करीन, बॅग परतही घेईन.” उत्तर नाही. बाजार ग्राहकाचं नुसतं नाव दाखवत असे, पत्ता नाही, आणि ते नाव तिच्या ओळखीचं नव्हतं. बाजारवाल्यांकडे तक्रार केली. त्यांचं छापील उत्तर आलं की ग्राहकाने माल खरोखर घेतलेला आहे आणि ग्राहकाचं मत ग्राहकाचं असतं. मग ताकीद आली. पंधरा दिवस.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्याहून वाईट म्हणजे तिचं डोकं चालू लागलं.

बॅग शिवताना अस्तराच्या तळाशी चार बोटं फट ठेवतात. त्या फटीतून अख्खी बॅग उलटी ओढून सुलटी करतात आणि शेवटी ती फट हाताने बंद करतात. ही हातशिवण कुठे असते ते शिवणाऱ्या माणसालाच ठाऊक. साधा ग्राहक बॅगेत पाकीट टाकेल, फोन टाकेल. अस्तर उपसून तळ कशाला बघेल? बघणारा या कामातला होता. आणि या कामातलं, तिच्या बॅगेच्या पोटात काय आहे ते जाणणारं माणूस जगात एकच होतं. काडी.

काडी अंगाने खरंच काडी होती, म्हणून ते नाव पडलं. सहा वर्षं दोघी त्या दाराच्या फळीवर समोरासमोर बसल्या. बॅगवाली शिवायची, काडी चेन लावायची. चेन लावणं म्हणजे जिवाला खाणारं काम, एक दोरा इकडेतिकडे झाला की चेन दात काढते. पण काडीच्या हातची चेन कधी अडली नाही. दोघी एकमेकींना सगळं सांगायच्या. नवऱ्यांच्या नकला करायच्या, ग्राहकांचे अभिप्राय नाटकी आवाजात वाचायच्या आणि हसून हसून पोट धरायच्या. दोन महिन्यांपूर्वी काडीची सासू अंथरुणाला खिळली, तेव्हा तिने काम सोडलं. तिने चेन लावलेल्या बॅगाच अजून विकल्या जात होत्या. पुढे एका ग्राहकाकडून बॅगवालीला कळलं की काडीने घरातून पाकिटं शिवून स्वतःचं दुकान उघडलंय. मला का नाही सांगितलं, हे बॅगवालीच्या मनात तेव्हापासून सलत होतं. आता त्याला तोंड फुटलं.

काडी तिला दोरेवाल्याच्या दुकानात भेटली. चेनांचा खोका पुढ्यात घेऊन काडी रंग जुळवत होती. बाजूला दोन गिऱ्हाईक बायका होत्या.

“पाच झाले. अजून किती द्यायचेत?” बॅगवाली म्हणाली.

“काय पाच?”

“साळसूदपणा नको. अस्तर उलटून हातशिवण बघणारी तू सोडून कोण आहे? स्वतःचं दुकान चालवायचं तर खुशाल चालव. माझं बुडवून कशाला?”

“तुला काय झालंय? चल, बाहेर बोलू.”

“बाहेर कशाला? इथेच बोलू.”

तळपायाची आग मस्तकात गेली की माणूस हाताला लागेल ते फेकतो. बॅगवालीच्या हाताला जे लागलं ते फेकायची वस्तू नव्हती. काडीला फार पूर्वी एका घरच्या कामावरून चोरीचा आळ घेऊन काढलं होतं. आळ खोटा होता. हे तिने एका दुपारी, चेन उसवता उसवता, रडत सांगितलं होतं. नवऱ्यालासुद्धा ठाऊक नव्हतं.

“तुला त्या घरातून चोरी केली म्हणून काढलं,” बॅगवाली म्हणाली, “तेव्हा मी म्हणाले होते, तू तसली नाहीस. चुकलंच माझं.”

दोरेवाला भला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात; पण त्याचा हात आपसूक पुढे आला आणि त्याने चेनांचा खोका काउंटरवरून स्वतःकडे ओढून घेतला. काडीने ते पाहिलं. बॅगवालीनेही पाहिलं.

“झालं बोलून?” काडीने विचारलं. हातातली चेन तिने काउंटरवर नीट सरळ करून ठेवली आणि ती काही न घेता निघून गेली. बॅगवालीला वाटलं होतं की जिंकल्यावर बरं वाटेल. घरी येऊन तिने मशीनला हात लावला नाही.

रविवारी ती नेहमीप्रमाणे भावाकडे गेली. बाबा भावाकडे राहत. तीन महिन्यांपूर्वी त्यांना हृदयाचा झटका येऊन गेला होता, तेव्हापासून ते खिडकीजवळच्या पलंगावर असत. चादरींच्या कारखान्यात बत्तीस वर्षं तपासनीस होते. घरी कामाचा शब्द काढत नसत. खरं तर घरी कसलाच फारसा शब्द काढत नसत. तिचं लहानपण या माणसाच्या तोंडून एक ‘वा’ ऐकण्यासाठी धडपडण्यात गेलं. चित्र दाखवलं, “हं.” परीक्षेचा निकाल दाखवला, “हं.” आयुष्यातली पहिली बॅग शिवून आणली, ती त्यांनी हातात फिरवून पाहिली आणि म्हणाले, “हं.” त्यानंतर तिने दाखवायचं सोडून दिलं.

बाबा झोपले होते. वहिनी म्हणाली, “कपाटातून धुतलेली चादर काढता का जरा?” तिने कपाट उघडलं. चादरींच्या बाजूला कागदात गुंडाळलेल्या तीन बॅगा होत्या. तिच्या बॅगा. प्रत्येकीच्या पट्ट्याला दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता आणि त्यावर बाबांचं ठसठशीत अक्षर होतं. तारीख, आणि खाली, ‘नग तपासला. शेरा नाही. प्रत १.’

ती तशीच उभी राहिली. मागे पलंग कुरकुरला.

“सापडल्या वाटतं,” बाबा म्हणाले. चोरी पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

“तुम्ही मागवल्यात या?”

“खालच्या औषधवाल्याच्या नावावर. माझं नाव दिसलं असतं तर तू निवडून चांगला नग पाठवला असतास. तो तपासून काय उपयोग? आमच्याकडे विणणाऱ्याच्या नंबरावर आधी कागद चिकटवायचे. माल कुणाचा ते तपासणाऱ्याला कळता कामा नये. प्रत ठरली की मग कागद काढायचा.” ते उशीला टेकून बसले. एवढं बोलताना तिने त्यांना कधी ऐकलं नव्हतं. “तुझा नंबर झाकता येत नव्हता, म्हणून मग माझा झाकला.”

“आणि ही प्रत एक म्हणजे?”

“एक म्हणजे एक. सगळ्यांत वरची. दोन चांगली, तीन चालते, चार कमी भावाची. पाच म्हणजे चिंध्या, मशीनं पुसायला द्यायच्या. फोनवर पण पाचच घरं असतात, बरोबर आपल्यासारखी. औषधवाल्याने दाबून देतो म्हटलं, पण मी त्याला बघू दिलं नाही. तपासणी म्हणजे तपासणी.”

“आणि शेरा नाही, ते?”

“दोषच नाही तर शेरा कसला मारायचा?” त्यांनी नजर खाली वळवली. “बत्तीस वर्षांत एक मी फार थोड्यांना दिला, बाई. दोन हातांची बोटं जास्त होतील. लोक म्हणायचे, म्हातारा खडूस आहे. पण एक द्यायचा म्हणजे पुन्हा पुन्हा बघावं लागतं, काही नजरेतून सुटलं तर नाही ना. तुझे तीन नग पाहिले. तिन्हींना एक. माझ्याबरोबरचे दोघे आहेत ना तपासणीतले, त्यांनाही घ्यायला लावल्या. त्यांनीही एकच दिला. मी सांगितलं नव्हतं हो, त्यांचं त्यांनी तपासलं. आता रोज सकाळी फोन उघडून बघतो. तुझ्या दुकानाखाली माझा एक दिसतो. बरं वाटतं.”

बॅगवाली पलंगाच्या कडेवर बसली. चाळीस वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो आला होता, आणि त्याच शब्दाने तिचं दुकान बुडायला आणलं होतं. तिला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम येऊ द्यायची सोय नव्हती. तिने त्यांच्या पायावर चादर घातली, कडा खोचल्या.

औषधवाल्याने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “ताई, मी फक्त खातं उघडून दिलं हो. थांबा, तिन्ही आत्ता बदलतो. त्या दोघांनाही फोन करतो. पाच पाच करून टाकू, दहा मिनिटांचं काम.”

“नको.”

“अहो, दुकान जाईल तुमचं.”

“ते रोज सकाळी बघतात. उद्या पाच दिसले तर काय समजतील? चिंध्या.”

“मग समजावून सांगा ना.”

काय सांगायचं? की ज्या नजरेतून बत्तीस वर्षं एक टाका सुटला नाही, तिने शेवटच्या तपासणीत लेकीचं दुकान बुडवलं? औषधवाल्याच्या हातात बाबांच्याच गोळ्यांची पाकिटं होती. त्याने ती पिशवीत भरून तिच्या हातात दिली. खरं सांगायचं तर बॅगवाली फक्त बाबांना जपत नव्हती. तो एक तिलाच पुसवत नव्हता. दुसऱ्या कुणाचे पाच तारे त्याच्यापुढे तिला नकोसे झाले होते.

तिथून ती थेट काडीकडे गेली. दार काडीनेच उघडलं. आत सासू पलंगावर पडून छताकडे बघत होती आणि मशीनवर अर्धं पाकीट होतं. काडीने तिला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. बॅगवालीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पुठ्ठ्याचे तुकडे, प्रत एक, सगळं. काडी सासूचे धुतलेले कपडे घडी करत ऐकत राहिली.

“वडिलांचं कसं चुकलं ते कळलं मला,” ती शेवटी म्हणाली. “त्यांना माहीत नव्हतं. तू तर मला ओळखत होतीस.”

“माझी जीभ झडो. पाया पडते तुझ्या.”

“दोरेवाला आता मला खोक्याला हात लावू देत नाही. मी रंग सांगते, तो काढून देतो. गोड बोलतो, चहा विचारतो. पण खोका आत असतो.”

“मी सांगते त्याला जाऊन. सगळ्यांसमोर सांगते.”

“सांग,” काडी म्हणाली. “तो हो हो म्हणेल.”

बॅगवाली गेली, आणि सांगितलंही. दुकानात त्या दिवशी वेगळ्याच बायका होत्या. दोरेवाला मान हलवत म्हणाला, “हो हो ताई, गैरसमज होतात. मला काय त्याचं?” तिने खोक्याकडे पाहिलं नाही, तिची हिंमत झाली नाही.

राहिलेल्या दिवसांत तिने जमेल ते केलं. जुन्या ग्राहकांना निरोप पाठवले, दोघीतिघींनी पाच तारे दिलेही, पण तेवढ्याने भागण्यासारखं नव्हतं. औषधवाल्याचा एकदा फोन आला, “ताई, अजून वेळ आहे.” ती म्हणाली, “राहू दे.” पंधराव्या दिवशी दुपारी ती अस्तर कापत असताना फोनमधला चौकोन राखाडी झाला. कापून झालेली अस्तरं तिने घडी करून ठेवली, गठ्ठे पलंगाखाली ढकलले आणि कारखान्यातल्या जुन्या मुकादम बाईंना फोन लावला. सोमवारपासून बाहीची जागा रिकामी होती.

कामावर जायच्या आदल्या दिवशी रविवार होता. बाबा खिडकीशी बसून फोनकडे बघत होते. चष्मा नाकाच्या टोकावर आला होता.

“तुझं दुकान दिसत नाही गं. पान कोरं येतं. औषधवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, ताईंनाच विचारा.”

“माल संपला, बाबा. सगळा विकला गेला. नवा होईपर्यंत बंद ठेवलंय.”

बाबांनी फोन मांडीवर ठेवला. त्यांचा चेहरा हळूहळू असा उजळला की तिला तिकडे बघवेना.

“राहतोय होय पडून! प्रत एकचा माल आहे,” ते म्हणाले. मग चष्मा वर सरकवत त्यांनी विचारलं, “ती तुझी मैत्रीण, बारीकशी, चेन लावते ती. तिला कळवलंस की नाही?”

“काय?”

“अगं, प्रत ठरली ती काय एकट्या शिवणीवर? प्रत्येक बॅगेची चेन मी शंभर वेळा उघडून मिटून पाहिली. एकदा अडली नाही. तो एक तिचाही आहे.” त्यांनी श्वास घेतला. “मी आयुष्यभर कुणाला सांगितलं नाही. कागद काढायचा, आकडा टाकायचा आणि पुढचा गठ्ठा ओढायचा. माणूस घरी जाऊन काय विचार करत असेल, ते कधी मनातही आलं नाही. चुकलंच ते. सांगावं माणसाला. लाव तिला फोन, मीच सांगतो.”

“आत्ता कामात असेल ती.”

“दोन शब्द तर बोलायचेत. लाव.”

त्यांनी हात पुढे केला होता. बॅगवालीने नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला नीट धरला, घसा साफ केला आणि पाठ सरळ करून बसले. रिंग वाजत राहिली. खोलीत दुसरा आवाज नव्हता, त्यामुळे ती तिलाही ऐकू येत होती. मग ती थांबली.

“उचलत नाही,” बाबा म्हणाले. “पुन्हा लावून दे.”

तिने पुन्हा लावून दिला.